खाणकामगाराची शाळा



या व्यासपीठावरून संतांविषयी, शिवकालाविषयी, नाटकांविषयी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. त्या मालिकेत कोळशाची खाण हा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पण या सभागृहात जे दिवे लागले आहेत, त्यांच्या विजेचा मोठा भाग कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशा ठिकाणी कोळसा जाळूनच तयार होतो. तो कोळसा कोणीतरी काढतो. म्हणून एक संध्याकाळ त्या माणसासाठी मागून घेण्यात आम्ही काही अनुचित केले असे आम्हांस वाटत नाही.

आमचा प्रश्न साधा आहे. खाणीत उतरणाऱ्या माणसाला तेथे जीव कसा सांभाळावा हे कोणी शिकविले आणि केव्हा शिकविले? कॉलेजात इतिहास शिकण्याचा योग आम्हांला आला नाही. आमचे वाचन युनियनच्या कचेरीत, अपघातांचे चौकशी-अहवाल चाळता चाळता झाले. त्या वाचनातून आमच्या मनावर एक गोष्ट ठसली, ती आधीच सांगून टाकतो. खाणीतील सुरक्षेचा विचार प्रथम यंत्रापाशी गेला, मग मॅनेजरपाशी, मग सरदार-ओव्हरमनपाशी, आणि जो माणूस प्रत्यक्ष कोळशासमोर उभा राहतो त्याच्यापाशी तो सर्वांत शेवटी पोचला. शिक्षण पोचले तरी काम थांबविण्याचा अधिकार पोचावयाचा राहिलाच. हाच आजच्या भाषणाचा सारांश समजा.

पुढे जाण्यापूर्वी खाणीतले वैरी कोण, ते पाहिले पाहिजे. ते चार आहेत : छत, वायू, पाणी आणि धूळ. खालचा कोळसा काढला की वरचा खडक आधार शोधू लागतो. आधार मिळाला नाही की तो खाली येतो. कोळशाच्या थरात मिथेन वायू कोंडलेला असतो. तो हवेहून हलका, म्हणून छताशी साचतो; हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ च्या दरम्यान असले की एक ठिणगी त्याला पुरते. स्फोटानंतर जो कार्बन मोनॉक्साइड उरतो त्याला रंग नाही, वास नाही. स्फोटातून वाचलेला माणूस पुष्कळदा त्याने मरतो. पाणी बहुधा जुन्या, सोडून दिलेल्या कामांतून येते. आणि धूळ दोन प्रकारांनी मारते : हवेत उडाली असता पेट घेऊन एका क्षणात, आणि छातीत साचून वीस वर्षांत.

या वैऱ्यांचा एक स्वभाव आहे. ते बहुधा चाहूल देतात. छत कोसळण्याआधी बारीक खडे सुटतात, टेक्याचे लाकूड करकरते. वायू साचला तर सुरक्षा-दिव्याच्या ज्योतीवर निळसर टोपी दिसू लागते. पाण्याच्या जवळ गेले की कोळशाचा तोंडा ओलसर होतो, पाझरू लागतो. ही चाहूल प्रथम कोणाला लागते? खाणीच्या वर कचेरीत बसलेल्या साहेबाला खास नाही. ती तेथे घाम गाळणाऱ्याला लागते. मग चाहूल ओळखण्याचे शिक्षण आधी त्यालाच मिळावयास हवे होते. इतिहासात मात्र उलटे घडले.

हा इतिहास इंग्लंडपासून सुरू करावा लागतो, कारण आपले खाणकायदे तेथील कायद्यांकडे पाहूनच लिहिले गेले. २५ मे १८१२ रोजी उत्तर इंग्लंडमधील फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मेली. त्यानंतर खटपट सुरू झाली, आणि १८१५ साली सर हम्फ्री डेव्ही यांनी आपला जाळीचा दिवा सिद्ध केला. त्याच वर्षी जॉर्ज स्टीफन्सन यांनीही, जे पुढे आगगाडीच्या इंजिनासाठी जगप्रसिद्ध झाले, स्वतंत्रपणे एक दिवा बनविला. आता स्फोट थांबतील असे लोकांना वाटले. पण जे भाग वायूच्या भीतीने सोडून दिले होते त्यांत मालकांनी दिव्याच्या भरवशावर माणसे पुन्हा घातली. दिव्याची जाळी फाटली तर काय होते, ज्योत कशी पाहावी, हे कित्येकांना कोणी सांगितलेच नव्हते. दिवा आला, पण स्फोट होतच राहिले. साधन देऊन शिक्षण न दिले म्हणजे काय होते, याचा हा पहिला धडा.

दुसरा धडा हार्टलीचा. १६ जानेवारी १८६२ रोजी हार्टली खाणीच्या पंपाची अवजड तुळई मोडून खाली पडली आणि तिने खाणीचे तोंड बुजविले. त्या खाणीला दुसरे तोंडच नव्हते. २०४ जण मेले, त्यांतील बहुतेक आत अडकून गुदमरून. त्याच वर्षी कायदा झाला की खाणीला निदान दोन वाटा असल्या पाहिजेत. खाणकायद्याची कलमे अशीच जन्माला आली आहेत. कलम कोरडे दिसते, पण त्याच्या मागे कोठल्या तरी गावातील विधवांची रांग उभी असते.

पुढे १८७२ साली इंग्लंडच्या कायद्याने मॅनेजरला परवाना सक्तीचा केला, आणि त्याबरोबर आणखी एक तरतूद केली. कामगारांनी आपल्यातील दोघांना निवडावे व त्यांनी महिन्यातून एकदा खाण तपासावी, अशी मुभा दिली. खर्च अर्थात कामगारांनीच सोसावयाचा! तरीही कामगाराला पाहता येते, समजते व तो सांगू शकतो, एवढे त्या कायद्याने मान्य केले. हे १८७२ साल श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. हिंदुस्थानात कोळसा काढण्याचा उद्योग १७७४ साली बंगालमधील राणीगंजच्या परिसरात सुरू झाला. आपल्या विदर्भात वरोड्याची सरकारी खाण १८७० नंतरच्या दशकात चालू झाली व १९०६ साली बंद पडली. त्याच सुमारास बल्लारपूर आणि पेंचचे खोरे यांकडे लक्ष वळले. म्हणजे पहिल्या खाणीपासून सव्वाशे वर्षे खाणी चालल्या. परंतु खाणीतील माणसाच्या जिवासाठी या देशात वेगळा कायदाच नव्हता.

१८९७ साली दोन अपघात झाले. कोलारच्या सोन्याच्या खाणीत ५२ आणि बलुचिस्तानातील खोस्तच्या कोळसा खाणीत ४७ माणसे दगावली. त्यानंतर हालचालींना वेग येऊन १९०१ चा पहिला खाण कायदा झाला. १९०२ च्या जानेवारीत कलकत्त्यास खाणतपासणीचे खाते निघाले. १९०८ साली ते धनबादला गेले आणि आजही तेथेच आहे. कायदा आला, इन्स्पेक्टर आले, पुढे मॅनेजरसाठी परीक्षा आल्या. कामगाराला काही शिकवावे असे मात्र त्यात कोठे नव्हते.

त्या काळचा खाणकामगार कोण होता? झारियाकडे संथाळ, बाउरी, भुइया. आपल्याकडे गोंड, छत्तीसगढी आणि दुष्काळाने घर सोडलेले शेतमजूर. पावसाळा आला की तो गावी पेरणीला जाई, सुगी संपली की परत येई. तो बहुधा एकटाही येत नसे. नवरा कोळसा फोडी, बायको टोपल्यांनी भरून वाही, पोर जवळ असे. १९२३ च्या कायद्याने १३ वर्षांखालील मुलांना खाणीत बंदी केली. १९२९ पासून बायकांना भूगर्भातून हळूहळू दूर करण्यात आले व १९३७ साली ती बंदी पूर्ण झाली. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा १९४३ साली ती उठविली आणि १९४६ साली पुन्हा घातली.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बायकांवरील बंदी उठविण्याच्या निर्णयाचे समर्थन त्यांनाच विधिमंडळात करावे लागले. युद्धाची निकड म्हणून त्यांनी ते केले, आणि पुरुषाइतकीच मजुरी बाईला मिळेल हे तत्त्व त्यात आग्रहाने सांगितले. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादकडील कोळसा क्षेत्रात गेले व खाणीत उतरून काम पाहून आले. दोन महिन्यांच्या आत, जानेवारी १९४४ अखेर, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. दिल्लीचा मंत्री खाणीत उतरतो म्हणजे काय होते, ते यावरून दिसेल.

मग शिक्षणाचे काय झाले? १९२६ च्या डिसेंबरात धनबादला खाणविद्येची सरकारी शाळा उघडली. इंडियन स्कूल ऑफ माइन्स या नावाने ती नामांकित झाली आणि आज ती आय. आय. टी. आहे. तिने उत्तम अभियंते दिले, याबद्दल दुमत नाही. पण ती साहेबांची शाळा होती. दहा वर्षांनी, १९३६ च्या डिसेंबरात, पोइडीह खाणीत स्फोट होऊन २०९ माणसे मेली. त्यांतील किती जणांना मिथेनविषयी कोणी दोन शब्द सांगितले असतील?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शाळा नव्हती म्हणून कामगार अडाणी होता, असे नव्हे. त्याची विद्या होती, पण ती तोंडी होती. आमच्या उमेदीच्या काळात एका म्हाताऱ्या सरदाराने आम्हांला छत वाजवून दाखविले. हातातल्या दांड्याने त्याने वर ठोकले आणि म्हणाला, “ऐक भाऊ, हे टणक बोलते.” चार पावलांवर पुन्हा ठोकले, तेव्हा आवाज भद्द आला. “हे पोकळ बोलते. याच्याखाली उभा नको राहू.” बाजारात मडके घेताना बाई टिचकी मारून पाहते. सगळे मडके खणखणते, तडा गेलेले भद्द वाजते. खाणीतली ही विद्या त्याच जातीची. बापाने मुलाला, टोळीच्या मुकादमाने नव्या गड्याला ती दिली आणि त्या विद्येने किती जीव वाचविले त्याची नोंद कोणत्याही अहवालात नाही.

परंतु या विद्येला मर्यादा होत्या. ती छतापुरती बरी होती. वायू दिसत नाही, आणि जुन्या कामांतील पाणी भिंतीपलीकडे किती आहे ते दांडा ठोकून कळत नाही. त्यासाठी नकाशा हवा. शिवाय यंत्रे आली, खाणी खोल गेल्या, सुरुंगांचे प्रमाण वाढले. बापाने जे पाहिलेच नव्हते ते तो मुलाला कसे शिकविणार? म्हणून शाळेची गरज होती.

स्वातंत्र्यानंतर १९५२ चा खाण कायदा आला. तो १९०१ आणि १९२३ च्या कायद्यांपेक्षा पुष्कळ पुढे गेलेला होता. पण पुढची काही वर्षे फार कठीण गेली. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाड्याच्या बाजूस न्यूटन चिकली खाणीत पाणी घुसून ६३ माणसे गेली. तो भाग तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता व राजधानी नागपूर होती, म्हणून हा अपघात आपल्याच घरचा म्हटला पाहिजे. दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९५५ मध्ये, अमलाबादेत स्फोटाने ५२ गेले. १९ फेब्रुवारी १९५८ ला चिनाकुडीत स्फोट होऊन १७६ गेले.

चिनाकुडीने सरकार हलले. त्याच वर्षी खाणसुरक्षेची पहिली परिषद भरली. तीत सरकार, मालक व कामगार संघटना एका टेबलाशी बसल्या, आणि कामगाराला शिकविल्यावाचून गत्यंतर नाही हे सर्वांनी मान्य केले. १९६३ साली खाणसुरक्षेसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. भित्तिपत्रके, चित्रे, सुरक्षा सप्ताह असा प्रचार सुरू झाला. नियमांचे काम मात्र सरकारी चालीने चालले होते. इतक्यात २८ मे १९६५ ला धोरीच्या खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला आणि २६८ माणसे मेली.

कोळशाची धूळ पेट घेते ही गोष्ट नवी नव्हती. १९०६ च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये कुरिएरच्या खाणीत १,०९९ माणसे मेली, तेव्हापासून जगाला ती ठाऊक होती. उपायही साधा होता. वाटांवर चुनखडीची पूड टाकावयाची, म्हणजे धूळ उडाली तरी तिच्यात ती मिसळून ज्वाळा पुढे धावत नाही. कुरिएरहून धोरीपर्यंत ५९ वर्षे गेली. एखादी गोष्ट जगाला माहीत असणे आणि धोरीच्या पाळीवरील गड्याला माहीत असणे यांत किती अंतर असते, ते या एका आकड्यावरून समजावे.

अखेर १९६६ साली खाणकामगारांच्या व्यवसाय-शिक्षणाचे नियम आले. आमचे लोक त्याला नुसते ‘व्ही. टी.’ म्हणतात. नवा माणूस शिक्षण घेतल्याशिवाय कामावर घ्यावयाचा नाही. जुन्याला ठराविक वर्षांनी उजळणी. टेके लावणारा, सुरुंग उडविणारा, यंत्र चालविणारा अशा प्रत्येकाला त्याच्या कामाचे वेगळे शिक्षण. खाणीजवळ केंद्रे उभी राहिली, त्यांत खोटे बोगदे बांधले, टेका कसा द्यावा ते करून दाखवू लागले. आपले गणित आता मांडून पाहा. पहिली खाण १७७४ ची. पहिला कायदा १९०१ चा. साहेबांची शाळा १९२६ ची. कामगाराची शाळा १९६६ ची. तिची घंटा सर्वांत शेवटी वाजली.

शाळा उघडल्यावर प्रश्न सुटला काय? २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाल्यात वरच्या जुन्या कामांत साठलेले पाणी खालच्या खाणीत फुटून ३७५ माणसे बुडाली. ‘काला पत्थर’ हा १९७९ चा बोलपट या घटनेवरून सुचला, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. चासनाल्याच्या कामगाराला कितीही शिकविले असते तरी काय झाले असते? पाण्याच्या आणि त्याच्या मध्ये किती जाड भिंत ठेवावयाची हे ठरविणारा तो नव्हता. नकाशा त्याच्या हाती नव्हता. म्हणून शिक्षणाचा पुरस्कार करताना आम्ही एक इशारा नेहमी देतो. शिक्षण हे मालकाच्या कर्तव्याला पर्याय नव्हे. ‘कामगार निष्काळजी होता’ हे वाक्य अहवालात लिहिण्यास फार सोपे असते, कारण ज्याच्याविषयी ते लिहिलेले असते तो उत्तर देण्यास हयात नसतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी घुसले. ६ जण बुडाले, पण ६५ जण उंचवट्याच्या जागी जमून जिवंत राहिले. वरून त्यांच्यापर्यंत एक भोक पाडण्यात आले. माणूस उभा मावेल एवढा पोलादी पाळणा तातडीने बनविण्यात आला, आणि खाण अभियंते जसवंतसिंग गिल त्यात बसून स्वतः खाली उतरले. एकेक करून पासष्टही जण वर आले. वरच्यांना काम येत होते, खालच्यांनी धीर सोडला नाही, आणि साहेब मजुरांच्या मागे राहिला नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते महावीरने दाखविले.

आता थोडे आमच्या घरचे बोलतो. त्यावाचून हा इतिहास अपुरा राहील. सुमारे तीस वर्षांपूर्वी, आम्ही युनियनच्या कामात नवे असताना, एका खाणीतील उजळणी-वर्गाचे रजिस्टर आमच्या पाहण्यात आले. सर्व दिवसांच्या सह्या व्यवस्थित. पण त्याच तारखांना तीच माणसे खाणीत पाळीवर होती, असे हजेरी सांगत होती. आम्ही त्यांतल्या एकाला विचारले. तो हसून म्हणाला, “भाऊ, सही केली की झाले. वर्गात बसलो तर ओव्हरटाइम कोण देईल?” वरच्यांना उत्पादन हवे होते, त्याला जादा पैसे हवे होते, आणि कागदाला सही हवी होती. सर्वांचे भागले. आम्हीही गप्प बसलो.

दीड वर्षाने तोच माणूस छताखाली सापडला. चौकशीत त्या रजिस्टरची नक्कल पुढे आली. मयत इसमास सुरक्षेचे रीतसर शिक्षण देण्यात आले होते, तरीही त्याने आधार नसलेल्या छताखाली प्रवेश केला, असे तीत दाखविण्यात आले. त्याचीच सही त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. त्याची बायको कचेरीच्या ओट्यावर बसून होती. ती आम्हांला एवढेच म्हणाली, “भाऊ, त्यायला काहीच शिकवलं नाही न जी?” आम्हांला त्या वेळी उत्तर देता आले नाही. पगारवाढीसाठी आम्ही दारसभा घेतल्या, उपोषणे केली, संप केले; ‘आम्हांला खरोखर शिकवा’ या मागणीसाठी एकही चक्का जाम केला नाही. दोष केवळ समोरच्यांना देऊन आम्हांला झोप लागत नाही. आजचे भाषण हे त्या बाईला उशिराने दिलेले उत्तर आहे, असे समजण्यास हरकत नाही.

ज्याची बातमी होत नाही त्या मरणाविषयीही दोन शब्द. १९४० नंतरच्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणींत हजारो कामगारांची तपासणी झाली. तेव्हा दहांत चारांहून अधिक जणांच्या छातीत दगडी धुळीचा रोग आढळला. कोळशाच्या धुळीनेही छाती काळी पडते. नागपूर-भंडाऱ्याकडील मँगनीजच्या खाणी आपल्या ओळखीच्या आहेत. मँगनीजची पूड फार काळ श्वासाबरोबर गेली तर चालणे-बोलणे बिघडू शकते. ड्रिल ओले चालवावे, धुळीवर पाणी मारावे, ठराविक मुदतीने छातीची तपासणी करून घ्यावी, हेही शिक्षणच आहे. पण स्फोटाला लोक भितात, खोकल्याला कोणी भीत नाही. खोकला वाढला की माणूस गावी जातो आणि तेथे मरतो. खाणीच्या हिशेबात तो येत नाही.

आता ते १८७२ साल आठवा. कामगारांनी आपली माणसे निवडून खाण तपासण्याची मुभा इंग्लंडने त्या साली दिली. आपल्याकडे कामगार-निरीक्षक हे पद नियमांत आले ते १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास, म्हणजे ११० वर्षांहून अधिक काळाने. तेही पाचशे वा अधिक माणसांच्या खाणीत, आणि नेमणूक व्यवस्थापनाने युनियनच्या सल्ल्याने करावयाची. या निरीक्षकांपैकी अनेकांनी चांगले काम केले, ते आम्ही जवळून पाहिले आहे. परंतु ज्याची नेमणूक मॅनेजरच्या सहीने होते, त्याने मॅनेजरची चूक वहीत लिहावी म्हणजे अंगी मोठेच धैर्य हवे.

गेल्या काही दशकांत काहीच सुधारले नाही, असा सूर आम्ही काढणार नाही. तो खोटा ठरेल. १९५० नंतरच्या दशकात कोळसा खाणींत दरसाल सरासरीने तीनशेच्या घरात माणसे मरत होती. या शतकाच्या पहिल्या दशकात ती संख्या शंभर-सव्वाशेच्या घरात आली, आणि उत्पादन तर कितीतरी पटींनी वाढले होते. यात यंत्रांचा, १९७०-८० च्या सुमारास झालेल्या राष्ट्रीयीकरणाचा, उघड्या खाणींचा आणि शिक्षणाचाही वाटा आहे.

पण वैऱ्यांनी रूप बदलले आहे. आता देशातील कोळशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उघड्या खाणींतून निघतो. तेथे डोक्यावर छत नाही, पण समोर डंपर आहे आणि शेजारी मातीचा डोंगर आहे. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधील राजमहल खाणीत असाच ढिगारा घसरून २३ माणसे गाडली गेली. या खाणींतील पुष्कळसे काम ठेकेदाराची माणसे करतात. आज या खाणीवर, उद्या त्या. कालपर्यंत ट्रॅक्टर चालविणारा पोरगा आज शंभर टनी डंपरच्या सावलीत उभा. त्याची उजळणी कोण घेणार आणि रजिस्टर कोणाच्या कपाटात राहणार? १७७४ च्या मजुराप्रमाणे हाही हंगामापुरता आलेला आहे, आणि शाळेची घंटा त्याच्यासाठीही शेवटीच वाजते आहे.

कायदाही बदलला आहे. १९५२ च्या खाण कायद्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता आली व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत कामगाराला एक हक्क आहे. जिवावर बेतेल असा धोका दिसला तर त्याने तो मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणावा. मालकाची खात्री पटली तर तो उपाय करील, न पटली तर निरीक्षक निर्णय देईल. हे स्वागतार्ह आहे. पण छत करकरू लागले असता निर्णयाची वाट पाहावयास वेळ किती असतो? आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९९५ साली केलेल्या खाणसुरक्षेच्या करारात याहून पुढचा हक्क लिहिला आहे : गंभीर धोका आहे असे वाजवी कारणाने वाटले तर कामगाराने तेथून बाजूला व्हावे. चाहूल ओळखावयास शिकविले आणि मागे सरण्यास मोकळीक दिली नाही, तर ते शिक्षण माणसाला अधिक भित्रा करील, अधिक सुरक्षित नव्हे.

श्रोतेहो, आपण शहरात राहता, खाणीत उतरत नाही. मग आपण काय करावे? आपल्या ओळखीत कोणी खाणीवर असेल, कोणाचा भाचा, कोणाचा भाडेकरू, तर त्याला एवढेच विचारा : “वर्गात बसलास का, की नुसती सही केलीस?” आणि अपघाताची बातमी वाचाल तेव्हा ‘निष्काळजीपणा’ या शब्दापाशी क्षणभर थांबा. कोणाचा निष्काळजीपणा, हे विचारा. तो प्रश्न बाहेरच्या माणसांनी विचारला म्हणूनच १८६२ चा, १९०१ चा, १९६६ चा कायदा झाला. खाणीतल्यांचा आवाज एकट्याने वर पोचत नाही.

तो म्हातारा सरदार आता नाही. त्याचा दांडा आमच्या कचेरीत कोपऱ्यात उभा आहे. नव्या पोरांचा वर्ग घेतो तेव्हा तो आम्ही हाती घेतो, भिंतीवर एकदा आणि लाकडी दारावर एकदा ठोकतो, आणि विचारतो, फरक कळला? कळला म्हणतात. मग दुसरा प्रश्न विचारतो : पोकळ आवाज आला आणि वरचा म्हणाला काम चालू ठेव, तर काय कराल? येथे वर्ग गप्प होतो. ज्या दिवशी तो वर्ग एका आवाजात उत्तर देईल, त्या दिवशी खाणकामगाराची शाळा खरी उघडली असे आम्ही म्हणू.